बेचाळीस लाल चिमटे

पत्रपेटीची झडप खट् करून वाजली.

घरात इतकी शांतता होती की तेवढ्यानेही मी दचकले. बिट्टी तेव्हा सात आठवड्यांची. दीड तास रडून नुकतीच माझ्या खांद्यावर निजली होती आणि तिला खाली ठेवायचं कसं या विचारात मी खोलीच्या मधोमध बगळ्यासारखी उभी होते, भार या पायावरून त्या पायावर घेत. एका गालाला साबण तसाच ठेवून नवरा पंजांवर चालत बाहेर आला. दाराखालचा लखोटा उचलला. करडा लखोटा, कडेला लाल पट्टी.

"चुकून आलंय," तो कुजबुजला.

"कशावरून?"

"दाखला दिलाय ना मी बिट्टीचा. स्वतः जाऊन, खिडकीवर. नऊ दिवस झाले. घरात तान्हं मूल असलं की वर्षभर मागच्या पेटीत टाकतात."

"मग जाऊन सांग तसं."

"सांगतो की. आधी दुसरा गाल तर करू दे. अर्ध्या दाढीने गेलो तर अर्धंच ऐकून घेतील."

त्याने सांगितलं. त्यांनी सांगितलं, यादीत नाव आहे, आधी हजर व्हा, तक्रार लेखी द्या, उत्तर घरी येईल. तो हजर झाला. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. राखीव दलात तो पूल बांधणाऱ्या तुकडीत, तारा ओढायच्या यंत्रावर होता. नवव्या दिवशी नदीवर तोफेचे गोळे पडले. पुलाचे तीन तराफे गेले आणि त्यांच्याबरोबर चार माणसं. चारांत तो.

तक्रारीचं उत्तर सतराव्या दिवशी आलं. एका ओळीचं होतं. सदर दाखला कार्यालयास प्राप्त झालेला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "विसरला असेल गं कुठेतरी. बसमध्ये राहिला असेल. लहानपणापासून धांदरट तो. दप्तर शाळेत आणि डबा घरी." एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मीही तेच धरून चालले. तो मला खोटं बोलला, दाखला हरवला आणि मी ओरडेन म्हणून दिला म्हणाला, असं. मेलेल्या माणसाशी मी तीन वर्षं भांडले. बिट्टीला न्हाऊ घालताना, तिचे कपडे वाळत घालताना, मनातल्या मनात. एवढंसं काम सांगितलं होतं तुला, एवढंसं.

आता सांगते ते या वर्षीचं.

आमच्याकडे कायमची फौज लहान आहे. परेडला पुरते, असं लोक चेष्टेने म्हणतात. खरी फौज घराघरांत विखुरलेली असते. कुणी बस चालवतं, कुणी भूगोल शिकवतं, कुणी लिफ्ट दुरुस्त करतं. दोन वर्षं वर्दीत काढून माणूस घरी येतो, पण त्याचं नाव राखीव दलात राहतं, पंचेचाळिशी उलटेपर्यंत. वर्षाला तीन आठवडे सराव, कपाटावर भरून ठेवलेली एक पिशवी आणि जिल्ह्याच्या राखीव कार्यालयात एक कार्ड. या कार्डांच्या कार्यालयात मी काम करते. गेलेल्याच्या बायकोला जागा देतात, तशी मला मिळाली.

तुकडीगणिक तीन लांब पेट्या. प्रत्येक कार्डाला वरच्या कडेला पत्र्याचा एक चिमटा. लाल चिमटा म्हणजे बोलावलं की अठ्ठेचाळीस तासांत हजर. पिवळा म्हणजे महिन्याभरात. निळा म्हणजे देशावर अगदीच वेळ आली तर. घरात मूल झालं, हाड मोडलं, एकट्या आईचा तोच एक आधार उरला, की त्याचा दाखला यायचा आणि आला त्याच दिवशी चिमटा बदलायचा, असा नियम. माणूस कुठे झोपणार, घरी की तंबूत, हे शेवटी त्या करंगळीएवढ्या पत्र्यावर.

हे सगळं मला शिकवलं काकांनी. म्हणजे आमचे हेडक्लार्क. ऑफिसात त्यांना माघारी 'पूर्णांक' म्हणतात, कारण त्यांना अपुरी संख्या सहन होत नाही. पूल तुकडीच्या लाल पेटीत बेचाळीस कार्डं हवीत म्हणजे बेचाळीसच. एक कमी झालं की ते पेटी पुन्हापुन्हा मोजत बसतात. जेवणाच्या सुट्टीत डब्यातल्या फोडीसुद्धा मोजतात, असं टायपिस्टबाई म्हणते.

"मुली," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हत्तीचे दाखवायचे दात बराकीत असतात. खायचे दात आपल्या पेटीत. म्हणून जपून."

माझ्या अर्जावर शिफारस त्यांचीच होती. बिट्टीसाठी रंगीत पेन्सिली, बिट्टीसाठी लोकरीची टोपी, बिट्टीला ताप आला तर मला अर्ध्या दिवसाची सुट्टी, न मागता. बिट्टी त्यांना आजोबा म्हणते. सासूबाई म्हणतात, "देवमाणूस आहे हो तो. नाहीतर आजकाल कोण कुणाचं!"

गेल्या महिन्यात देवमाणसाला आतली केबिन मिळाली आणि त्यांचं खिडकीजवळचं टेबल मला.

टेबलाचा डावा खण अडायचा. मी तो पूर्ण बाहेर ओढला, कडांना मेणबत्ती घासायला. उलटा धरला तेव्हा तळाला घातलेला जुना पेपर सरकला आणि त्याखालून एक कागद माझ्या मांडीवर पडला. जन्मदाखला. आमच्याकडे दाखल्यावर बाळाच्या डाव्या तळपायाचा शाईचा ठसा घेतात. नाव वाचण्याआधी मी पाऊल ओळखलं. बिट्टीची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे, बाकावर जागा न मिळाल्यासारखी. ते चढलेलं बोट मी रोज पुसते, रोज त्याचा मुका घेते. कुठल्याही कागदावर ओळखीन.

वरच्या कोपऱ्यात 'मिळाला' असा शिक्का आणि शाईने घातलेली तारीख. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. ऑफिसात तशी रेघ एकच माणूस देतो.

तारीख लखोट्याच्या आधी नऊ दिवस.

मी खण परत बसवला. मेण लावल्यामुळे तो आता अगदी गुळगुळीत सरकत होता. मग मी बदलनोंदीची जुनी वही काढली आणि ती तारीख उघडली. त्या दिवशी पूल तुकडीत एकच बदल. यंत्रावरचा एक माणूस, लालमधून पिवळ्यात, कारण पाठदुखी, सही काकांची. माणसाचं नाव मला पाठ होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच्याच लग्नात मी बिट्टीला कडेवर घेऊन फोटोत उभी होते. काकांचा जावई. वहीतल्या तारखेला लग्न नुसतं ठरलेलं होतं.

पुढचं समजायला मला हिशेबनीस लागला नाही. यंत्रावरचा माणूस गेला की त्याच्या जागी पिवळ्यातून दुसरा आणायला वरून मंजुरी लागते, तीन आठवडे. पंधरवड्यावर तपासणी होती. एक कमी कसाबसा खपला असता. दोन कमी दिसले असते. म्हणून एक दाखला वहीत गेला आणि एक पेपराखाली. तपासणी झाली की काढू, असंच म्हणाले असतील मनाशी. वाईट माणूस नाहीत ते. पण मधेच हुकूम आला.

मी त्या दिवशी घरी जाताना रडले नाही. बसमध्ये उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, दिला होतास रे तू. दिला होतास. शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली.

घरी सासूबाईंना सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण त्या चप्पल काढून थेट केबिनमध्ये शिरल्या असत्या, आणि चपलेवर भागावं असं मला वाटत नव्हतं. मला ते आतून मोडायला हवे होते, माझ्यासारखे. एका ओळीने.

वाट फार पाहावी लागली नाही. आमच्या पाळणाघरात कांजण्यांची साथ आली, आठवडाभर बंद. सासूबाई नणंदेकडे गेलेल्या. बिट्टीला घेऊन मी कामावर जायला लागले. टेबलाखाली चादर, चादरीवर ती आणि मोडक्या चिमट्यांचा डबा. सोमवारी केबिनचं दार उघडून काका आले, चेहरा असा की दिवा लावल्यासारखा.

"आजोबा झालो!"

"तुम्ही तर आधीच आजोबा आहात," बिट्टी टेबलाखालून म्हणाली.

"अगं हो की! चुकलो. डबल आजोबा झालो." त्यांनी वाकून तिच्या हातावर दोन चॉकलेटं ठेवली, मग हिशेब जुळावा म्हणून तिसरंही. आणि माझ्यापुढे एक कागद. "लेकीला मुलगा झाला. चार दिवस झाले. मुली, जावयाचा तेवढा चिमटा आज बदलून टाक. पाठ बरी झाल्यापासून लालमध्येच आहे तो. बदलीला माणूस मागायचं पत्रही टाइप करून ठेव, नाहीतर एकेचाळीस होतील. मीच केलं असतं, पण घरच्या माणसाचं आपण स्वतः करू नये. लोक बोलतात."

"हो काका," मी म्हटलं. "लोक बोलतात."

त्यांच्यादेखत मी 'मिळाला' चा शिक्का मारला, तारीख घातली. ते गाणं गुणगुणत आत गेले.

बिट्टी माझ्या मांडीवर चढली. "हे काय?"

"बाळाचं पाऊल."

"एवढुस्सं!" तिने आपला तळवा त्याच्यावर ठेवून पाहिला. "याचा अंगठा बघ ना. लांब उभा आहे. रुसलाय."

खरंच, अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून उभा होता. "हो गं. रुसलाय."

"माझं असं पाऊल आहे का?"

मी डावा खण उघडला, पेपर उचलला आणि तिला तिचं पाऊल दाखवलं. तिने चढलेलं बोट ओळखलं आणि खुदकन हसली. मग मी नवा दाखला जुन्याशेजारी ठेवला. दोन्ही पावलांवर पेपर नीट पसरला, सुरकुती राहू दिली नाही.

"पावलं झोपली?" तिने विचारलं.

"झोपली."

खण एका बोटाने बंद झाला.

पेटीतल्या जावयाच्या कार्डावरचा लाल चिमटा मी हातही न लावता नुसता पाहिला. गोदामात क्रेन चालवणारा शांत मुलगा. माझ्या नवऱ्याबरोबर सरावाला असायचा, त्याच यंत्रावर, आळीपाळीने. त्याचा काय दोष? काही नाही. माझ्या नवऱ्याचा तरी काय होता? बदलीचं पत्र मी टाइप केलं नाही. मंगळवारी काकांनी दारातून विचारलं, "झालं ना गं ते?" मी म्हटलं, "काका, तुमचं काम मी मागे ठेवीन होय?" त्यांना ते आवडलं. केबिनमध्ये जाऊन कुणाला तरी फोनवर सांगितलं, "हाताखालची पोर फार गुणी आहे."

बुधवारी मी खण तीनदा उघडला. चिमटा बदलायला दहा सेकंद लागतात. पेटी माझ्यापासून दोन हातांवर होती. बाळाला दूध पाजून निजवल्यावर जसा आपण पुन्हापुन्हा जाऊन श्वास बघतो, तसं मी जाऊन बघत होते, माझा राग जिवंत आहे ना. होता. चांगला गुटगुटीत होता.

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वरून हुकूम आला. सीमेवर पुन्हा गडबड. पूल तुकडी, लाल पेटी, अठ्ठेचाळीस तास.

हुकूम आला की ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नाही. टायपिस्टबाईने यंत्राला नवी फीत घातली. मी लाल पेटी उचलून तिच्या टेबलावर ठेवली आणि एकेक कार्ड काढून वाचत गेले, ती लखोट्यावर पत्ते छापत गेली. बिट्टी टेबलाखाली मोडके चिमटे एकमेकांना लावून आगगाडी करत होती. सव्विसावं कार्ड आलं. मी इतरांसारखंच वाचलं, त्याच चालीवर. टायपिस्टबाईला नावात, पत्त्यात काही ओळखीचं वाटलं नाही; ऑफिसात सगळे त्याला नुसतं 'काकांचा जावई' म्हणतात, आणि तो वेगळ्या भागात राहतो. मोटरसायकलवाला शिपाई दारात हेल्मेट घेऊन उभा होता.

यादीवर सही काकांची लागते. मी तयार झालेली यादी केबिनमध्ये नेली. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता.

"किती?"

"बेचाळीस."

"पूर्ण?"

"पूर्ण, काका. एकही कमी नाही."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. सोमवारी स्वतःच म्हणाले होते, एकेचाळीस होतील. बदलीचा माणूस तीन दिवसांत येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बेचाळीस ऐकलं की त्या माणसाचं डोकं पुढे चालतच नाही. मांजराला दुधाचा वास यावा तसं. नावांवरून नजरसुद्धा न फिरवता त्यांनी शेवटच्या पानावर सही केली आणि सातला रेघ दिली.

"शाब्बास," म्हणाले. "तू आल्यापासून पेटी कधी अपुरी राहिली नाही."

दीड वाजता लखोटे गेले. मी बिट्टीला डब्यातलं भरवलं. ती म्हणाली, आई, तू आज गाणं म्हणतेयस. मला ठाऊकच नव्हतं.

पावणेचारला केबिनमधला फोन वाजला. काचेतून ते मला दिसत होते. आधी उभे राहिले, मग बसले, मग फोन ठेवायचा विसरून तो हातात धरूनच दारापर्यंत आले, वायर ताणली जाईपर्यंत. मग फोन ठेवून माझ्या टेबलाशी आले. टायपिस्टबाई खालच्या मजल्यावर गेलेली. बिट्टी चादरीवर झोपलेली, अंगठा तोंडात.

"मुली," ते म्हणाले, "चिमटा?"

मी डावा खण उघडला आणि पेपर बाजूला केला.

दोन पावलं. एकाचा अंगठा रुसलेला, एकाची करंगळी चढलेली. दोन्ही कोपऱ्यांत 'मिळाला'. एक तारीख माझ्या अक्षरात, एक त्यांच्या.

त्यांनी टेबलाची कड धरली.

"मी काढणार होतो गं," म्हणाले. "तपासणी झाली की लगेच. देवाशपथ. मला काय ठाऊक हुकूम येईल."

"मलाही नव्हतं ठाऊक. माझ्या वेळी तीन दिवसांतच आला. तुम्हाला नऊ मिळाले होते."

"तुझं जन्मभर करीन म्हटलं होतं मी मनाशी. केलं की नाही? सांग. केलं की नाही?"

"टोपी चांगली होती," मी म्हटलं. "अजून बसते तिला."

ते खुर्चीवर बसले. माझ्यासमोरच्या, अर्जदार बसतात त्या. "त्याचं लेकरू आठवड्याचं आहे."

"बिट्टी सात आठवड्यांची होती. थोडी मोठी होती, खरं आहे."

"लखोटा परत घेता येतो. वरच्या मंडळाकडे…"

"येतो ना. चौकशी मागायची. दाखला वेळेत आला होता हे दाखवायचं. अर्ज लिहा, मी आत्ता टाइप करते. चौकशीवाले येतील, खण उघडतील. दोन्ही दाखले मी त्यांच्या हातात देईन. माझी नोकरी जाईल, तुमची जाईल. मला चालेल, काका. तुम्ही सांगा."

त्यांना बत्तीस वर्षं झाली इथे. सहा महिन्यांत निवृत्ती, भिंतीवर फोटो, नावापुढे दोन चांगले शब्द. त्यांनी अर्जाचा कागद मागितला नाही. मी काय केलं हे सांगायचं तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं. ती वाट त्यांनीच बंद केलेली, मी फक्त किल्ली फिरवली होती. महिनाभर ज्या चेहऱ्याची वाट पाहत होते तो चेहरा शेवटी मला मिळाला. मी तो पोटभर बघून घेतला.

"शनिवारी दुपारी बाराला ट्रक सुटतात," मी म्हटलं. "वेळ आहे अजून."

शुक्रवारी ते केबिनमधून बाहेर आले नाहीत. चहा आत गेला, तसाच परत आला. त्यांनी काही लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. टायपिस्टबाई म्हणाली, "पूर्णांकांना काय झालंय? सकाळपासून काहीच मोजलं नाही." मी म्हटलं, जावयाला बोलावणं आलंय. "अगं बाई!" ती म्हणाली. "आणि स्वतःच सही केली? केवढा सचोटीचा माणूस!" मला हसू आवरेना. मी खाली वाकून बिट्टीच्या बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती.

दिवस संपला. अर्ज माझ्याकडे आला नाही.

शनिवारी पावणेअकराला खिडकीशी त्यांची लेक आली. एका हाताने बाळ छातीशी धरलेलं, केस कसेतरी बांधलेले, ब्लाउजवर दुधाचा ओला डाग. बाळंतपणाला अजून दहा दिवस झाले नव्हते, तिने उभं राहायला नको होतं. मी तिला आत बोलावून अर्जदारांच्या खुर्चीत बसवलं. केबिनचं दार बंद होतं. काचेआड पाठमोरी आकृती दिसत होती.

"ताई," ती म्हणाली, "बाबा माझ्याशी बोलतच नाहीयेत. कालपासून एकच वाक्य. म्हणे दाखला ऑफिसला मिळालेला नाही."

"असं म्हणाले?"

"हो. 'प्राप्त झालेला नाही.' घरात कुणी असं बोलतं का? आणि अहो, मी स्वतः त्यांच्या हातात दिला होता. सोमवारी. ह्याचं पाऊल घेताना नर्सच्या हाताला शाई लागली, आम्ही केवढे हसलो. बाबा विसरले असतील का ताई? वय झालंय त्यांचं. की माझ्याशी खोटं बोलतायत?" तिचे डोळे वाहत होते, पण आवाज रागाचा होता. "एवढंसं काम सांगितलं होतं. एवढंसं!"

माझं वाक्य. माझ्याच चालीत. तीन वर्षं मी ते मनातल्या मनात म्हटलं होतं, आज कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. आता मला थंडावा मिळायला हवा होता. मी त्याची वाट बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. खाली अंगणात ट्रकची इंजिनं चालू करून बघत होते, खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या.

बाळ कुरकुरलं. तिने त्याला मांडीवर आडवं घेतलं तेव्हा दुपट्यातून त्याचा डावा पाय बाहेर आला. बिट्टी टेबलाखालून निघाली. हातातली चिमट्यांची आगगाडी खाली ठेवून, मी शिकवलंय तसं, आधी फ्रॉकला हात पुसले आणि मग एका बोटाने त्या अंगठ्याला हात लावला.

"आई," ती म्हणाली, "हा तर रुसलेला अंगठा! हेच बाळ!"

त्यांची लेक रडता रडता हसली. "तुला कसं गं माहीत?"

"आमच्या खणात आहे ना त्याचं पाऊल. माझ्या पावलाशेजारी झोपलंय. पेपराखाली." तिने डाव्या खणाकडे बोट केलं, मग माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ, माझ्या नवऱ्याचे डोळे वापरून. "आई, त्याचं पाऊल आपण का ठेवून घेतलं?"